घर, शेततळं आणि साप : भीती योग्य जागी ठेवण्याविषयी

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतला निवडक भाग शेवटी दिला आहे.)

बाहेर पाऊस आहे, तरी सभागृह भरलं आहे, याचा आनंद वाटतो. विषयही पावसाचाच आहे. मी पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. निवृत्तीनंतर गावी राहतो. साप दिसला की लोक मला फोन करतात, एवढीच माझी या विषयातली पात्रता समजा.

सुरुवात गेल्या पावसाळ्यातल्या एका फोनने करतो. संध्याकाळी साडेसहाची वेळ. शेजारच्या वस्तीवरचा एक मुलगा, माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, लवकर या. शेततळ्यात नाग आहे. फणा काढतोय." मी गेलो तर चारपाच जण काठ्या घेऊन उभे. शेततळ्याभोवती कुत्री-जनावरं पडू नयेत म्हणून नायलॉनची जाळी लावलेली होती आणि त्या जाळीत एक साप अडकला होता. पिवळसर अंग, त्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके. मान चपटी करून फुसकारत होता. पण फणा नव्हता. तो विरोळा होता. काही भागांत त्याला दिवड म्हणतात, पाणसाप म्हणतात. पूर्ण बिनविषारी. बेडूक आणि मासे खाऊन जगणारा. घाबरला की नागासारखी मान पसरतो, आणि नेमकं तेच त्याच्या जिवावर बेतते.

कात्रीने जाळी कापून त्याला सोडवला. जाताना त्याने माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला. रक्त आलं. साबणाने हात धुतला, दुसऱ्या दिवशी धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, विषय संपला.

ती पोरं मात्र हबकली होती. एकाने विचारलं, "सर, तुम्हाला भीती वाटत नाही का?" मी म्हटलं, "वाटते. पण याची नाही."

मग कशाची वाटते, हे सांगण्यासाठीच आजचं व्याख्यान आहे.

ज्या सापाला आम्ही भ्यालो नाही

साल १९७९. मी नववीत होतो. आमचं एकत्र कुटुंब. उन्हाळ्याचा शेवट, वळवाचे एकदोन पाऊस झालेले. आम्ही सगळी मुलं सोप्यात जमिनीवर वाकळा टाकून ओळीने झोपायचो. पहाटे माझा चुलतभाऊ उठून बसला आणि म्हणाला, पोटात दुखतंय. तो अकरा वर्षांचा होता. आदल्या दिवशी एका लग्नात जेवलो होतो, म्हणून आजीने ओवा-मीठ दिलं. थोड्या वेळाने म्हणाला, घसा दुखतोय, पाणी गिळवत नाही. मग पडून राहिला. डोळे अर्धे मिटलेले. काकी म्हणाली, "रात्री झोप झाली नसंल, झोपू द्या त्याला."

तो झोपलेला नव्हता. त्याच्या पापण्या उचलल्या जात नव्हत्या.

सकाळी वाकळ झटकली तेव्हा खालून एक काळा, चकचकीत साप निघाला. अंगावर पांढरे बारीक पट्टे. आमच्याकडे कुणीतरी म्हणालं, "कवड्या आहे, काही करत नाही." अंगावर कुठे चावल्याची खूण नव्हती, सूज नव्हती, रक्त नव्हतं. तरी शंका म्हणून शेजारच्या गावच्या भगताकडे नेलं. त्याने कडुनिंबाचा पाला चावायला दिला. पाला कडू लागला की विष नाही, असा समज. भावाला चावताच येत नव्हतं. तालुक्याचा दवाखाना चौदा किलोमीटरवर होता. बैलगाडी जुंपली तेव्हा दहा वाजले होते. तो वाटेतच गेला.

तो कवड्या नव्हता, मण्यार होता. हे मला पुढे कॉलेजात सापांचे नमुने बाटलीत पाहिले तेव्हा कळलं. त्या दिवशी वर्गातून बाहेर येऊन मी बराच वेळ जिन्यात बसून होतो.

म्हणून म्हणतो, आपण भलत्या सापाला भितो. दिवसा तळ्यावर दिसणाऱ्या, फुसकारणाऱ्या, निरुपद्रवी सापामागे काठ्या घेऊन धावतो. आणि जो रात्री गुपचूप अंथरुणात येतो, त्याच्यासाठी काहीच तयारी करत नाही.

हा फक्त आमच्या घरचा प्रश्न नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने साधारण १२ लाख माणसं गेली. सरासरी काढली तर वर्षाला ५८ हजार. यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले आणि जवळपास निम्मे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घातलं. आपल्या केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असं त्याचं उद्दिष्ट आहे. सरकार आपल्या बाजूने करील ते करील. पण रात्री अंथरूण कुठे आणि कसं घालायचं, हे आपल्याच हातात आहे.

साप घराजवळ का येतो?

साप आपल्याला शोधत येत नाही. त्याला तीन गोष्टी लागतात : खाणं, आसरा आणि हवामानाप्रमाणे ओलावा किंवा ऊब. या तिन्ही गोष्टी आपणच त्याला पुरवतो.

धान्याची पोती ठेवली की उंदीर येतो. उंदीर आला की त्याच्यामागे धामण, नाग, घोणस. कोंबड्यांचं खुराडं असेल तर अंडी आणि पिल्लं. कडब्याची गंजी, सरपण, गोवऱ्या, विटांचा ढीग, पडकी भिंत म्हणजे आयता आसरा. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरतं, मग साप कोरडी जागा शोधत उंचावर येतो. ती कोरडी जागा म्हणजे पुष्कळदा आपलं घर.

आणि तळं. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ मध्ये आली, तेव्हापासून आमच्या कोरड्या भागातही जागोजागी पाणी दिसू लागलं. पाणी आलं, बेडूक आले, मासे सोडले, विरोळा आला. हे चांगलंच आहे. पण शेततळ्याला प्लॅस्टिकचा कागद असतो. तो इतका गुळगुळीत असतो की आत पडलेला प्राणी वर चढू शकत नाही. साप, घोरपड, कुत्र्याचं पिल्लू, काहीही. म्हणून काठावरून दोन-तीन ठिकाणी गाठी मारलेला जाड दोर किंवा गोणपाटाची पट्टी पाण्यापर्यंत सोडून ठेवा. माणूस पडला तरी तोच दोर उपयोगी येतो. आणि जाळी लावली असेल तर रोज सकाळी एक फेरी मारा. अडकलेला साप ओढू नका. नायलॉन मासात रुततं. माहीतगार माणसाला बोलवा.

चार नावं आणि त्यांचे तोतये

महाराष्ट्रात सापांच्या पुष्कळ जाती आहेत, त्यातल्या बहुतेक बिनविषारी. माणसं दगावतात ती मुख्यतः चार सापांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. गंमत अशी की या चारांपैकी तिघांचे तोतयेही आपल्या आसपास असतात.

पहिला नाग. फणा काढला तर ओळख सोपी, फण्यावर मागे दहाचा आकडा. पण शांत असताना तो फणा काढत नाही, आणि मग नाग आणि धामण यांत गोंधळ होतो. धामणीचे डोळे मोठे, मान बारीक, ओठांवर उभ्या काळ्या रेघा. ती दिवसा, वेगाने पळते. धामण म्हणजे नागाची मादी, ती गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, शेपटीने मारते, असं आपल्याकडे सांगतात. यात काही तथ्य नाही. नागात नर-मादी दोन्ही नागच असतात आणि धामणींत दोन्ही धामणीच. दोन धामणी एकमेकांना पीळ घालून उभ्या राहतात, तेव्हा लोक जोड लागली म्हणून नवं कापड टाकतात. बहुतेक वेळा ती दोन नरांची झुंज असते. उंदराच्या बिळात शिरून त्याला खाणारी ही धामण शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे, आणि आपण मारतोही तिलाच सर्वात जास्त.

दुसरी मण्यार. तोतया कवड्या. हे नीट ऐका, कारण आमच्या घरी इथेच चूक झाली. मण्यार काळी किंवा निळसर काळी, चकचकीत. तिचे पांढरे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने. ते मानेजवळ पुसट किंवा नसतातच, आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी. त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक, आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, पण ती पाहण्याइतकं जवळ जायचं नाही. शंका आली तर मण्यार समजूनच वागायचं.

तिसरी घोणस. जाड अंग, पाठीवर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन ओळी. छेडली तर कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढते. लोक तिला अजगराचं पिल्लू समजून हात लावतात, किंवा डुरक्या घोणस समजतात. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, शेपूट आखूड. घोणस अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि ती पिल्लंसुद्धा जन्मापासून विषारी असतात.

चौथं फुरसं. वीतभर ते हातभर लांब, मातकट, डोक्यावर बाणासारखी खूण. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. कोकणात कातळावर, आमच्याकडे माळावर दगडांखाली सापडतं. लहान दिसतं म्हणून त्याला हलकं समजू नये.

विष काय करतं?

नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः नसांवर काम करतं. मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. आधी पापण्या खाली येतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, गिळता येत नाही, बोबडी वळते, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. नाग चावला तर जागेवर वेदना आणि सूज असते. मण्यार चावली तर पुष्कळदा काहीच नसतं. दात इतके बारीक की खूण दिसत नाही. झोपेत चावली तर माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखणं, घसा दुखणं, उलटी, जड पापण्या. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे हा त्रास सुरू झाला, तर पित्त झालं, बाधलं असं म्हणण्याआधी मण्यारीचा विचार करा.

आणखी एक गोष्ट. अशा रुग्णाला हात हलवता येत नाही, डोळे उघडता येत नाहीत. तो मेल्यासारखा दिसतो. पण तो शुद्धीवर असू शकतो, आपलं बोलणं ऐकत असू शकतो. त्याचा श्वास यंत्राने किंवा हाताने दाबायच्या फुग्याने चालू ठेवला, तर काही दिवसांनी तो उठून बसू शकतो. म्हणून डॉक्टरांनी सांगेपर्यंत आशा सोडायची नाही, आणि त्याच्या उशाशी रडारड करायची नाही. त्याला ऐकू येतंय, असं धरून बोला.

घोणस आणि फुरसं यांचं विष मुख्यतः रक्तावर काम करतं. रक्त गोठत नाही. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जातं, चावल्याची जागा सुजते, घोणस चावली तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. याची एक अगदी साधी तपासणी आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलीटर रक्त घेतात, वीस मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करतात. रक्त गोठलं नसेल, तर विषाचा परिणाम सुरू झाला आहे. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

यावर औषध एकच : प्रतिविष, म्हणजे सर्पदंशाची लस असं आपण म्हणतो ते. या चार सापांचं विष थोड्या थोड्या मात्रेत घोड्यांना टोचतात, घोड्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात, ती वेगळी काढून औषध बनवतात. आपल्या परळच्या हाफकिनमध्ये हे काम कित्येक वर्षं चालत आलं आहे. त्यासाठी लागणारं विष मोठ्या प्रमाणात तामिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येतं. ती संस्था १९७८ मध्ये सुरू झाली. ज्यांचे वाडवडील कातड्यासाठी साप पकडत, ते आता विष काढून साप परत जंगलात सोडतात.

मग भगताच्या हाताला गुण कसा येतो?

हा प्रश्न मला नेहमी विचारतात. गुण येतो, हे खोटं नाही. पण हिशेब मांडून बघा. चावणारे पुष्कळसे साप बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. कोरडा दंश होतो. म्हणजे भगताकडे नेलेल्या माणसांपैकी बरेच जण काहीही केलं नसतं तरी वाचलेच असते. जे वाचतात ते गावभर सांगतात. जे जातात, त्यांच्याबद्दल "आयुष्य तेवढंच होतं" असं म्हणतात. आमच्याही घरी तेच म्हटलं गेलं.

मी त्या भगताला दोष देत नाही. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं त्याने केलं. पण तिथे गेलेले दोन तास परत मिळत नाहीत.

चावल्यावर काय करायचं

सापापासून दूर व्हा. माणसाला धीर द्या, चालू-पळू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढा, कारण नंतर सूज येते. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैल बांधून स्थिर ठेवा. १०८ ला फोन करा. गाडी यायला उशीर होणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघा. मोटरसायकल असेल तर रुग्णाला दोघांच्या मध्ये बसवा. गुंगी आली असेल तर कुशीवर झोपवून न्या. निघतानाच फोन करून विचारा, प्रतिविष आहे का.

दोरी करकचून आवळायची नाही. त्याने पाय सडतो. ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ, चुना, पाला काही लावायचं नाही. दारू तर नाहीच.

आज रात्रीपासून काय करायचं

शक्य असेल तर खाटेवर झोपा. जमिनीवरच झोपायचं असेल तर मच्छरदाणी लावा आणि तिची कड अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचा. डासांसाठी घेतलेली ती साधी मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते. आमच्या घरी तेव्हा एक असती तर, असं अजून मनात येतं.

रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि पायात बूट. गवतात, बांधावर चालताना काठी आपटत चला. सापाला बाहेरचे कान नसले तरी जमिनीची कंपनं त्याला कळतात. सरपण-गोवऱ्या घराच्या भिंतीला लागून रचू नका. गंजीत हात घालण्याआधी काठीने हलवा. मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, दाराखालची फट बुजवा, धान्य बंद कोठीत ठेवा. उंदीर कमी झाले की साप आपोआप कमी होतात. फिनेल, लसूण, बाजारातल्या पुड्या यांवर विसंबू नका.

घरात साप दिसला तर आतली दारं लावा, बाहेरचं उघडं ठेवा, लांबून नजर ठेवा, आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. साप मारणं, बाळगणं, त्याचे खेळ करणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न : साप मारला तर त्याचा जोडीदार डूख धरतो का?*

नाही. सापाच्या मेंदूत माणसाचा चेहरा लक्षात ठेवून सूड घेण्याची सोय नाही. एक साप मारल्यावर तिथेच दुसरा दिसतो, हे मात्र खरं. कारण पहिला ज्या उंदरांसाठी आला होता, ते उंदीर अजून तिथेच असतात.

*प्रश्न : माझ्या भावजयीला साप चावला. डॉक्टरांनी लगेच प्रतिविष दिलं नाही, नुसतं झोपवून ठेवलं. आम्ही भांडलो. त्यांचं चुकलं का?*

ताई, बहुधा नाही. प्रतिविषाची काहींना जोरदार प्रतिक्रिया येते, रक्तदाब पडतो. म्हणून विषाची लक्षणं दिसली किंवा रक्त गोठत नसेल तरच ते देतात. तोपर्यंत चोवीस तास लक्ष ठेवणं हासुद्धा उपचारच आहे. मात्र पापणी जड झाली, सूज वाढली, रक्त दिसलं तर लगेच नर्सला सांगायचं. आणि एक, लहान मुलाला डोस मोठ्याइतकाच देतात, तेव्हाही घाबरू नका. सापाने मुलाला काही कमी विष दिलेलं नसतं.

*प्रश्न : साप मारून दवाखान्यात न्यावा का?*

नको. त्यात वेळ जातो आणि दुसरा माणूस चावून घेतो. मेलेल्या सापाच्या तोंडालाही हात लावू नये. लांबून फोटो मिळाला तर ठीक. उपचार लक्षणांवर होतात, आणि प्रतिविष चारही सापांवर एकच आहे.

*प्रश्न : शेतकऱ्याचा मृत्यू झाला तर काही मदत मिळते का?*

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश येतो. मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी कागद लागतात. दवाखान्यात न नेता, शवविच्छेदन न करता अंत्यविधी उरकला, तर पुढे सिद्ध करणं फार अवघड होतं. आपल्या गावच्या कृषी कार्यालयात आधीच चौकशी करून ठेवा.

वेळ झाली आहे. तो विरोळा अजून त्या शेततळ्यात आहे. मुलांनी आता जाळी खालून वीतभर उचलून बांधली आहे, त्याला जायला-यायला वाट म्हणून. परवा त्या वस्तीवर गेलो होतो. घरात शिरलो तर सोप्यात जमिनीवर तीन अंथरुणं आणि तिन्हींवर मच्छरदाण्या. त्या मुलाची आई म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलं तसं कड खोचूनच झोपवते पोरांना." मी चहा घेतला आणि निघालो.

तुम्हीही घरी गेल्यावर तेवढं करा.